पाचवी हजेरी

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात सगळे आल्याशिवाय कुणी डबा उघडत नाही. ऑक्सिजन मशीनचा कर्नल, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, मी त्याच रीतीनं लिहिला होता. चिपमध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे चार मेंदू. पहिला उठतो, बाकीच्या तिघांना उठवतो, चार हजेऱ्या लागल्या की काम सुरू.

पण वीज जाऊन आली की मशीन कधीकधी सुरूच होईना. जोडणी विभागातल्या कडूबाची आई, आवडाबाई, पडेगावात आमच्याच चाचणीच्या मशीनच्या ऑक्सिजनवर होत्या. एकदा वीज आली आणि मशीन गप्पच राहिलं. दवाखान्यात नेईपर्यंत म्हातारी निळी पडली होती; थोडक्यात वाचली. कडूबानं ते मशीन आणून माझ्या टेबलावर ठेवलं, त्याचंच जास्त लागलं.

मी नोंदी काढल्या. मशीन अडकायचं तेव्हा हजेऱ्या पाच असायच्या. बरोबर चारावर अडून बसलेल्या प्रोग्रामला पाच कसे चालतील? एखादा कोअर दोनदा हजेरी देत असेल, असं धरून मी प्रत्येकाला क्रमांक दिला. चौघांचे क्रमांक नीट उमटले. पाचव्याला क्रमांकच नव्हता. आणि तो सगळ्यांच्या आधी यायचा, पहिला अजून उठलेला नसताना.

चिप बदलली, बोर्ड बदलला. तो आलाच. भूतबित मला पटत नाही, पण त्या भर दुपारी टेबलाकडे पाठ करायची भीती वाटली.

आवडाबाईंच्या जिवाचा प्रश्न होता. पंगतीत आगंतुक आला तर आपण सरकून जागा देतो. मी अट बदलली: चार किंवा जास्त. मशीन परत पडेगावात गेलं आणि त्यानंतर एकदाही अडकलं नाही.

काही दिवसांनी कडूबाचा फोन आला.

“साहेब, लाईट गेली व्हती. आली तसं मशीन लगेच चालू झालं.”

“मग बरंय की.”

“माय बाहेर अंगणात बसलीय. नळी खाटंवर पडलीय नुसती.”

नळीतून कुणी श्वास ओढला तरच हे मशीन ऑक्सिजन सोडतं. फोनमधून ऑक्सिजन सुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. फुस्स. जरा थांबून, फुस्स.

“बंद कर,” मी म्हणालो.

बटण वाजलं. आवाज थांबला.

मग फोनच्या अगदी जवळ कुणीतरी धापा टाकू लागलं.

“कडूबा?”

“मी न्हाई, साहेब,” तो पुटपुटला. लांबून, अंगणातून, आवडाबाईंनी विचारलं, “कडूबा, आत कुणाला धाप लागली रं?”