तुंगच्या वाटेवरचे चार नारळ

बहीण जिवंत आहे तोवर तिला गाठायचं, एवढ्याच कामासाठी कोंडाजी आबा जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले. सकाळीच तुंगवाडीचा माणूस धापा टाकत लोणावळ्यात आला होता. "बयाबाईनं अन्न सोडलंय. आजचा दिस काढंल, उद्याचं काय सांगवत न्हाई."

आबांचं आणि बयाबाईचं एका म्हशीवरून बिनसलं, त्याला बावीस वर्षं झाली होती. दोघंही हट्टी. आता आबांचे गुडघे गेलेले, आणि बैलगाडीनं उद्याची दुपार उजाडली असती. मग त्यांचा धाकटा मुलगा अंबाजी धावला. तो बंगल्यावरच्या शेठचा ड्रायव्हर. शेठला विचारून त्यानं जुनी उघडी मोटार बाहेर काढली. मागं बसली झुंबर, आबांची पंधरा वर्षांची नात. मास्तरांना उलटून बोलली म्हणून चौथीतच शाळा सुटलेली. राग नाकावर, पण नजर घारीची!

त्या काळी भुशीच्या पुढं रस्ता कसला, नुसती गाडीवाट. दोन्ही अंगांनी कारवी, जांभळी, हिरड्याचं रान. मार्गशीर्षातलं ते कोवळं ऊन, ओलसर पाचोळ्याचा वास, मधूनच उडणारे रानकोंबडे... आबा सगळं डोळ्यांनी पीत होते. चाळीस वर्षं ह्याच वाटेनं त्यांनी भाताच्या गाड्या हाकल्या होत्या.

मांडीवर पोतं होतं. "चार शिवा, चार नारळ," आबांनी बजावलं. "न देता पुढं जायचं न्हाई."

पहिल्या शिवेवर त्यांनी मोटारीच्या पुढच्या लोखंडावर नारळ फोडला आणि पाणी बॉनेटवर ओतलं. बैलांच्या कपाळावर ओतायचे तसंच.

दोन फर्लांग गेले, आणि मोटार बंद! ना खोकली, ना आचका दिला. चालता चालता मेली.

"पेट्रोलात कचरा असंल," अंबाजी म्हणाला. त्यानं नळी फुंकली, हँडल मारून मारून हात सोलले. अर्ध्या तासानं मोटार आपसूक सुरू झाली.

घुसळखांबच्या शिवेवर दुसरा नारळ. आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच!

ह्या वेळी अंबाजीनं प्लग काढून घासले. झुंबर चाकाशी बसून भाकरी खात होती. चाकावरनं काळ्या मुंग्यांची रांग चढत होती. भाकरीबरोबरच्या गुळावर आल्या असतील म्हणून तिनं त्या चापटीनं उडवल्या.

"ह्याच्यापेक्षा बैल बरं, तात्या!" ती चुलत्यावर खेकसली.

"मग जा, जुंप तुझ्या आबाला!"

"जुंपा की," आबा हसले. "पर हाकणारा नीट बघा."

हसणं तेवढंच. ऊन कलायला लागलं होतं.

खिंडीच्या तोंडाशी वाघजाईच्या नावानं तिसरा नारळ मोटारीवर फुटला. पुढं उभा चढ. डाव्या हाताला दरी. मोटार घरघरत निम्म्या चढावर आली...

आणि गप्प झाली. मग मागं सरकू लागली!

"ब्रेक धरंना!" अंबाजी ओरडला. "दगड! झुंबर, दगड लाव!"

झुंबरनं उडी टाकली. पहिला दगड चाकानं भिरकावून दिला. दुसरा तिनं दोन्ही हातांनी रेटला. खाडकन मोटार थांबली. मागचं चाक कड्यापासून वीतभर! सुटलेली माती खाली गेली, ती कुठं पडली ते ऐकूसुद्धा आलं नाही.

कारवीत बिबट्या खाकरला. सूर्य कोराईगडाला टेकला होता.

"नारळ दिला म्हून वाचलो," आबा हात जोडून पुटपुटले.

झुंबर चमकली. नारळ! तिनं बॉनेट उचललं. ठिणगी पाडणाऱ्या म्याग्नेटचं काळं झाकण ओलं होतं आणि त्यावर चार-पाच मुंग्या चिकटून मेलेल्या. तिनं बोट लावून चाटलं.

"गोड हाय! आबा, तुमीच मोटार मारताय!"

"वा गं वा! चाळीस वर्सं बैलांवर वतलं. येक बैल मेला न्हाई!"

"बैलाच्या कपाळात ठिणगी नसती!"

अंबाजीनं कपाळावर हात मारला. "खरंय तिचं. पाणी लागलं की ठिणगी भलतीकडंच पळती. कोरडं फडकं द्या!"

फडकं कुठलं? त्याचं तेलानं माखलेलं, झुंबरचा पदर घामानं भिजलेला. आबांनी एकदा मावळत्या सूर्याकडं पाहिलं. मग डोक्यावरचं लाल पागोटं उलगडायला घेतलं. चारचौघांत ते डोक्यावरून कधी उतरलं नव्हतं.

"घे पोरी. पूस."

झाकण पुसलं, तारा पुसल्या, फटी पुसल्या. पागोटं ओलं, तेलकट काळं झालं. अंबाजीनं हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा... धडधडलं!

चौथ्या शिवेवर आबा कण्हत खाली उतरले. दगडावर नारळ फोडला, निम्मं पाणी देवाला वाहिलं, निम्मं नारळाच्या वाटीत राखलं. मोटारीला हातसुद्धा लावला नाही.

दिवेलागणीला ते तुंगवाडीत पोचले. बोडक्यानं आलेला म्हातारा बघून दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. बोडकं डोकं म्हणजे सुतकाची खूण! एकीनं तर गळाच काढला.

आतून खोल आवाज आला. "कोंडू? बोडक्यानं आलास व्हय रं? मी हाय की अजून!"

आबा बसत सरकत उशाशी गेले. वाटीतलं पाणी त्यांनी थेंब थेंब तिच्या ओठांत सोडलं. आणि अन्न सोडलेल्या बयाबाईनं ते गिळलं.

"म्हस तुजीच व्हती गं," आबा म्हणाले.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

पुढं नऊ दिवस बयाबाई जगली आणि आबा तिथून हलले नाहीत. ती मोटार भंगारात गेली, खालची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली. पागोट्यावरचा काळा डाग मात्र कधीच निघाला नाही. झुंबरनं किती घासला! आबा तो डाग मुद्दाम कपाळावर येईल असं पागोटं बांधायचे.