तलरेजांचा पर्शियन बोका

"संध्याकाळपर्यंत बोका आणून दे, नायतर चौकीत चल, असं बोलल्या अम्मा." भिमाबाईने पदराने डोळे पुसले आणि तोच पदर कमरेला घट्ट खोचला. "भर जिन्यात, सगळ्या बिल्डिंगसमोर चोर बोलल्या. आता मला कोण घरात घेणार, ताई?"

अंबरनाथला बुवापाड्याच्या तोंडाशी तुळशी जाधवचं एका खोलीचं ऑफिस होतं. पाटीवर 'खाजगी तपास' असं लिहिलेलं. तिचे थोरले भाऊ रामभाऊ काडेपेटीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तिच्याबरोबर हिंडत. डोकं तुळशीचं आणि छत्री रामभाऊंची, असा कारभार होता.

"मांजरासाठी पोलीस?" रामभाऊ हसले. "अहो, वाटीभर दूध ठेवा, संध्याकाळी दहा येतील."

"तसलं मांजर नाय ते, भाऊ. पर्शियन हाय. पांढराशुभ्र, उशीएवढा, डोळे आभाळासारखे निळे. नाव सुलतान. केस एवढे लांब की तोंड त्यातच बुडालेलं. रविवारी मुंबईला मांजरांच्या शोमध्ये जाणार होता."

"तुमचं आणि त्याचं जमायचं?" तुळशीने विचारलं.

"जमायचं म्हंजे? माझ्याच हातचा तो. रोज पावडर टाकून विंचरायची. मांडीत पडून राहायचा, कुरकुर नाय की नखं नाय. हाक मारून येत नाय, पण जमिनीवर पाय आपटला की शेपूट वर करून हजर!"

मुलीच्या बाळंतपणासाठी ती पंधरवडाभर सोनिवलीला गेली होती. मालकीण ईश्वरीबाई, म्हणजे अम्माही, लग्नाला इंदूरला गेलेल्या. घरी होती फक्त सून, रेश्मा. काल सकाळी भिमाबाई कामावर परतली. सुलतान दिसेना, तर रेश्मा म्हणाली, झोपलाय, तू आधी भाजी आण. भिमाबाई भाजी घेऊन येते तो बोका नाहीसा, आणि दुपारी ईश्वरीबाई दारात!

"दादा, छत्री घ्या," तुळशी म्हणाली.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये तलरेजांची बिल्डिंग होती. तळमजल्यावर त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना, वर त्यांचं घर आणि भाडेकरूंची बिऱ्हाडं. रेश्माने दोघांना मखमली सोफ्यावर बसवलं.

"भिमाबाईच्या हातात मोठी थैली होती, ताई. ती गेली आणि मी सुलतानला आवाज दिला. माझा आवाज ऐकला की कुठूनही धावत येतो. काल आलाच नाही. तेव्हाच समजले, गडबड आहे."

"ती नसताना विंचरायचं कोण?"

"मीच की! रोज, दोन टाइम." तिने लोखंडी दातांची फणी पुढे केली. फणी चकचकीत होती, एकाही दातात केस नव्हता. रामभाऊंना टापटीप आवडे. त्यांनी मनातल्या मनात सुनेला शाबासकी दिली. उठले तेव्हा त्यांची काळी पॅंट मागून पांढऱ्या केसांनी भरली होती.

ईश्वरीबाई आतल्या खोलीत गुडघ्यांना तेल लावत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या कारखान्यात कधी डोकावत नसत.

"माझा सुलतान म्हणजे नवाब, बेटा. मी शंभरदा बोलावलं तरी मान वळवणार नाही. पण मांडीत घेतला की दुनियेचा ताप उतरतो." त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "सगळे शोधून आले. नालासुद्धा पाहिला. एवढा मोठा बोका, दिसला नसता का?"

खाली कारखान्यात शिलाई मशिनींचा खडखडाट चालला होता. निळ्या बारीक तंतूंनी माणसं आणि भिंती एकाच रंगाच्या झाल्या होत्या. कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर कापडाचे गठ्ठे रचले होते आणि त्यावर एक हडकुळं, निळसर मांजर पाठ करून झोपलं होतं.

वळताना रामभाऊंच्या छत्रीने घात केला. बटणांचा पत्र्याचा डबा सिमेंटवर असा आदळला की कारागीर जागेवर उडाले. मांजराने कानसुद्धा हलवला नाही.

"काय निवांत जनावर आहे!" रामभाऊ ओशाळून म्हणाले.

मांजराजवळ डब्याच्या झाकणात दूध-चपाती कुस्करलेली होती. तुळशीने कारागिराला विचारलं, "झाकणात का?"

"वाटीत तोंडच घालत नाही ते. भाभीने आणून ठेवलंय, रस्त्यावरचं आहे म्हणाली." मग तो कुरकुरला, "माझी कात्रीपण नेली होती भाभीने. पार बोथट करून दिली. जीन्स कापते ती कात्री, बोला!"

तुळशीच्या गालाला खळी पडली. रामभाऊंनी ती ओळखली. त्यांना स्वतःला मात्र ओ की ठो कळलं नव्हतं.

"दादा, सगळ्यांना इथे बोलवा. अम्मांना हात धरून आणा."

जिन्याशी थांबलेल्या भिमाबाईसकट सगळे जमल्यावर तिने मशिनी बंद करायला लावल्या.

"रेश्माताई, सुलतानला हाक मारा. तुमचा आवाज ऐकून धावत येतो ना?"

रेश्माने हाक मारली. काही हललं नाही. ईश्वरीबाईंनीही मारली, तरी काही नाही.

"आता भिमाबाई, त्या फळीवर पाय आपटा."

धप्, धप्! गठ्ठ्यावरचं हडकुळं मांजर ताडकन उठलं आणि वळलं. बसकं नाक, आभाळासारखे निळे डोळे. शेपूट वर करून ते सगळ्यांच्या पायांतून वाट काढत थेट भिमाबाईच्या पायाशी आलं.

"हा सुलतान?" ईश्वरीबाई किंचाळल्या. "एवढासा?"

"एवढासाच होता, अम्मा. बाकी सगळा केसांचा थाट, आणि ही निळाई जीन्सच्या तंतूंची. सगळे उशीएवढा बोका शोधत राहिले, म्हणून समोरचा दिसला नाही." तुळशीने एकेक धागा सोडवला. "पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरी बरीच निघतात. हाकेला न येणारा सुलतान डबा पडला तरी हलला नाही. पावलाचा हादरा तेवढा त्याला कळतो. म्हणजे 'माझा आवाज ऐकून येतो' म्हणणाऱ्या बाईने त्याला कधी जवळ घेतलंच नव्हतं. चपट्या तोंडाला वाटी अडचणीची, म्हणून झाकण. आता फणी. दादांची पॅंट दोन मिनिटांत भरली आणि रोजची फणी कोरी? हे केस विंचरले नाहीत तर गुंतून त्यांचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो. जीन्सची कात्री बोथट झाली ती त्या गाठींनी."

रेश्माने सासूचा हात धरला. "पूरा गोळा झाला होता, मम्मी. फणी जाईना. कापले, तर अजून भयंकर दिसायला लागला. शो जवळ आला, तुम्ही येणार... मी घाबरले. भिमाबाई समोर दिसली आणि तोंडातून तिचंच नाव निघालं."

 ईश्वरीबाई भिमाबाईकडे वळल्या. "चूक झाली, बाई. उद्यापासून कामावर ये."

"येईन," भिमाबाई ताठ उभी राहिली. "पण चोर जिन्यात बोललात, अम्मा. माफीपण जिन्यातच मागा."

 ईश्वरीबाईंनी जिन्याचा कठडा धरला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक मजला चढल्या. प्रत्येक दार वाजवून त्यांनी सांगितलं, "भिमाबाई चोर नाही. चोर म्हणणारी मी चुकले." मागून रेश्मा, मान खाली घालून, तेच म्हणत होती. आणि त्यांच्या मागे सुलतानला छातीशी धरून भिमाबाई, वाजतगाजत निघाल्यासारखी. रामभाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी बगलेत छत्री दाबून टाळ्या वाजवल्या, तशा दारादारांतून टाळ्या पडल्या.

शेवटच्या मजल्यावर ईश्वरीबाईंनी धापा टाकत विचारलं, "आणि शो?"

"पुढल्या साली," भिमाबाई सुलतानच्या बोडक्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "केस मी वाढवते. पण फणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय."