एक मीटर बेचाळीस

"सतरा फोटो आहेत," ती म्हणाली, "आणि सतराच्या सतरा फोटोंत तुमचा अंगठा आहे."

काउंटरपलीकडच्या तरुणाने मान वाकवून स्वतःच्याच मोबाइलमध्ये पाहिलं. उंच, किडकिडीत, अंगात खाकी जाकीट, त्याच्या दोन्ही कोपरांना वाळलेला चिखल. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"अंगठा सोडून बाकीचं छापता येईल का?"

"बाकी उरतंय काय? एक काठी दिसतेय, तीही अर्धी."

"काठी नाही हो, पट्टी आहे ती!" त्याच्या घरच्या कुणाला तिने नावं ठेवली असावीत, अशा सुरात तो म्हणाला. "नदीची पातळी मोजायची पट्टी. जुन्या पुलाच्या खांबाला लावलेली. रोज सकाळी सातला मी ती वाचतो आणि वहीत लिहितो. चार वर्षं झाली. आता साहेबांनी नवीन काढलंय—नुसता आकडा चालणार नाही, फोटोही पाठवा. एका हाताने कठडा धरून ओणवं व्हावं लागतं, मग दुसऱ्या हाताने…" आणि त्याने तो अंगठा पुढे केला, आरोपीला हजर करावं तसा.

आतल्या खोलीतून मामांचं हसू ऐकू आलं. "सरकारी नोकरीत आणि अंगठेबहाद्दर! वा!"

स्टुडिओ मामांचा होता. पासपोर्टचे फोटो काढणं, हनुवटी जरा वर, खांदे सरळ, हसू नका—हे सगळं काम भाचीकडे. मामा बाहेर आले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बाईसाहेब, उद्या पुलावर जा आणि शिकव की त्याला. नाहीतरी सकाळी सातला तू छताकडे बघत पडलेली असतेस."

तिला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

एकेकाळी सकाळी सातला ती अंथरुणात सापडायची नाही. शेतं, पूल, टेकडी, नदी—कॅमेरा गळ्यात अडकवून ती वणवण फिरायची. मग दोन वर्षांपूर्वी ती दूर बर्फाच्या डोंगरांत जाऊन आली. वीस दिवस राहिली, बोटं बधिर होईपर्यंत फोटो काढले. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर लावले. तो सुळका, ते तळं, ती पहाट… सगळं तिने आधी कुठेतरी पाहिलेलं होतं. दुसऱ्यांच्या फोटोंत. लोक "छान" म्हणाले. तिने कॅमेरा कपाटात ठेवला आणि त्यानंतर निसर्गाचा एकही फोटो काढला नाही. इथे काढण्यासारखं काही नाही, आणि तिथे जाऊन काढलं ते आपलं नाही. मग उरलं काय?

गेल्याच महिन्यात तिने कॅमेरा विकायला काढला होता. शेजारच्या गावच्या एका शिक्षिकेला तो हवा होता. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या न्यायला येणार होत्या. फक्त त्याआधी कॅमेरा नीट चालतो हे दाखवायला चार ताजे फोटो पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते चार फोटोही हिच्या हातून निघत नव्हते.

पुलावर जायचंच आहे, तर तिथेच उरकून टाकू, असं तिने ठरवलं.

शिकवण्यासारखं फारसं नव्हतं. कोपर कठड्यावर टेकवायचं, मोबाइल कडांना धरायचा. पाच मिनिटांत काम झालं.

"एक मीटर एक्कावन्न," त्याने मोठ्याने वाचलं आणि वहीत लिहिलं.

"मोठ्याने का वाचता?"

"एकटाच असतो ना. कुणीतरी बोललं की बरं वाटतं."

ती हसली. मग तिने कॅमेरा काढला, नदीकडे रोखला आणि परत खाली घेतला.

"काय झालं?"

"काही नाही. शाळेत असताना या पुलाचे शंभर फोटो काढलेत मी. हेच पाणी, हीच झाडं. आणि आता तुमची ही पट्टी मध्ये येतेय."

"घाई नसेल तर दहा मिनिटं थांबा. धुकं उठेल. सगळीकडचं जातं, पण डाव्या काठाचं राहतं. तिथे धुलाई कारखान्याचं कोमट पाणी येऊन मिळतं. मग त्या धुक्याच्या वेटोळ्यातून आधी फक्त बोटीचं नाक बाहेर येतं."

जन्म या गावात गेला आणि आपल्याला हे ठाऊक नाही… ती थांबली. आणि खरंच, दहा मिनिटांनी पांढऱ्या वेटोळ्यातून बांधलेल्या बोटीचं हिरवं नाक बाहेर आलं. फक्त नाक. नदी चोरून बघत असावी तसं.

तिने बटण दाबलं. एकदाच.

"आला?" त्याने विचारलं.

"बघू उद्या," ती म्हणाली, आणि 'उद्या' हा शब्द आपल्या तोंडून कसा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी बोटीचं नाक दिसलं नाही, कारण वारा होता. पण वाऱ्याने पाण्यावर अशा बारीक चुण्या पाडल्या होत्या की पलीकडची पाण्याची टाकी प्रतिबिंबात लिंबूसरबताच्या स्ट्रॉसारखी मोडलेली दिसत होती. तिसऱ्या दिवशी पातळी सहा सेंटिमीटर उतरली.

"अजून दोन-तीन उतरली की एक चपटा दगड वर येईल," तो म्हणाला. "त्यावर एक बगळा बसतो. दगड वर यायच्या आदल्या दिवशीच येऊन चौकशी करून जातो."

"बगळा चौकशी करतो?"

"मग! तुम्ही नाही का इतक्या वर्षांनी चौकशीला आलात?"

"मला बगळा म्हणताय?"

"मान लांब आहे तुमची," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येताच घाईघाईने पट्टी वाचायला ओणवा झाला.

ती रोज येऊ लागली. जागा तीच, वेळ तीच. कुरकुरत कुरकुरत तिने पट्टीलाही चौकटीत घेतलं—कोपऱ्यात, उजवीकडे. त्या पट्टीवरून तिला रोजची चौकट बरोबर कालच्यासारखी लावता येई आणि मग जे बदललेलं असे ते आपोआप डोळ्यांत भरे. कालपेक्षा पिवळं झालेलं झाड. कालपेक्षा रुंद झालेला वाळूचा पट्टा. तो थर्मासमधून चहा आणायचा. आधी एक कप, मग दोन. रोजचे फोटो ती शिक्षिकेला पाठवून द्यायची. कॅमेरा चालतोय हे दाखवायला, असं मनाला सांगत.

"रविवारनंतर…" एकदा चहा ओतताना त्याने सुरुवात केली.

"रविवारनंतर कॅमेरा त्यांचा. मग मी कशाला येईन?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. चहा कपाबाहेर सांडत होता, तरी तो ओततच होता.

शनिवारी दुपारी तो स्टुडिओत आला तो पडलेल्या चेहऱ्याने. हातात एक कागद होता. एका जोडप्याचे फोटो कापत असलेल्या मामांनी कात्री खाली ठेवली.

"अंगठेबहाद्दर, काय झालं? नदी पळून गेली काय?"

"खुलासा मागवलाय," तो म्हणाला. "मंगळवारचा. खालच्या पुलावर पाणी होतं तेवढंच आणि माझ्या वहीत एका दिवसात ते वीस सेंटिमीटर खाली गेलेलं. सोमवारपर्यंत उत्तर दिलं नाही, तर या पुलावरून मला उचलून दुसरीकडे टाकतील."

"पण फोटो पाठवला होता ना?" तिने विचारलं.

तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'वहीतील नोंद एक मीटर चोवीस संशयास्पद असून सोबतच्या फोटोत पट्टी आढळून येत नाही. सदर फोटोत एक महिला पुलावर… पालथी पडलेली दिसते. याबाबत…'"

पुढचं तिला वाचता येईना. मामा हसत हसत खुर्चीवर बसले आणि रुमालाने डोळे पुसू लागले.

"तो फोटो दाखवा," ती म्हणाली.

"नको."

"दाखवा म्हणते ना!"

त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि स्वतः भिंतीवरच्या पासपोर्टच्या नमुन्यांकडे बघत उभा राहिला.

मंगळवारीच दगड वर आला होता. बगळाही आला होता. पाण्याच्या जवळ जावं म्हणून ती पुलाच्या फळ्यांवर पालथी पडली होती, ते तिला आठवलं. आपण कशा दिसत होतो, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. केस सुटलेले. गालाला धूळ. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. आणि डोळा कॅमेऱ्याला असा लावलेला, की जगात दुसरं काही शिल्लकच नाही.

ती बघत राहिली. या मुलीला ती ओळखत होती. दोन वर्षं ही कुठे होती?

"पट्टीचाच काढायला गेलो होतो," तो भिंतीशी बोलावं तसं म्हणाला. "मोबाइल वर केला आणि… तुम्ही दिसलात. मग आकडाही उलटा लिहिला. बेचाळीसचा चोवीस. चार वर्षांत पहिल्यांदा."

"आणि न बघताच पाठवलात?"

"बघितला असता तर पाठवला असता का? लपवून नसता ठेवला?"

मामांना एकाएकी आतल्या खोलीत फार महत्त्वाचं काम आठवलं.

आपल्या छापलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यातून तिने मंगळवारचा फोटो शोधून काढला—दगड, बगळा आणि उजव्या कोपऱ्यात पट्टी. त्यावर भिंग धरलं.

"बघा. एक मीटर बेचाळीस. हा जोडा खुलाशाला." मग पेन उचलून त्याच्यासमोर ठेवलं. "आता कारण लिहा. चूक का झाली?"

"'लक्ष विचलित झाल्यामुळे'…" तो लिहू लागला.

"कशाने, ते साहेब विचारतील."

"निसर्गाने."

"खोटं लिहू नये सरकारी कागदावर."

त्याने पेन थांबवलं. वर पाहिलं. कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी नजर वळली नाही. "साहेबांना नाही सांगणार. तुला सांगतो. तू दिसलीस की मला नदी दिसत नाही. आणि तू नसलीस… तर उद्यापासून ती नुसतीच नदी असेल. आकडे असलेली."

तिने दुकानाचा फोन ओढला आणि नंबर फिरवला.

"बाई, उद्या येऊ नका. कॅमेरा द्यायचा नाहीये मला. माफ करा, तुम्हाला ताटकळत ठेवलं."

पलीकडे शिक्षिका हसल्या. "मला वाटलंच होतं. मी चार फोटो मागितले होते, तुम्ही एकोणतीस पाठवलेत. विकणारं माणूस असं करतं का? मी दुसरा बघते हो. पण ते पाठवत राहा… त्या बगळ्याचं पुढे काय झालं ते कळलं पाहिजे मला."

दुसऱ्या दिवशी रविवार. ती पुलावर पोचली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि तो तिच्याही आधी येऊन उभा होता. रात्री वर कुठेतरी पाऊस पडून गेला असावा. पाणी मातकट होतं, चढलेलं. दगड बुडाला होता, बगळा गायब, धुकं नाहीच. शंभर वेळा पाहिलेल्या त्या जागेकडे ती पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत राहिली. मग तिने एका पाठोपाठ एक असे नऊ फोटो काढले.

सात वाजले. त्याने वही उघडली. तिने ती अलगद काढून घेतली.

"तू नुसतं वाच. लिहीन मी. तुझा भरवसा नाही."

"आजच्यापुरतं?"

"बगळा परत येईपर्यंत."

"तो दर वर्षी येतो, दर वर्षी जातो," तो म्हणाला. "आणि पुन्हा येतो."

"मग… तोपर्यंत."

तो तिच्याकडेच बघत होता. तिने पेनाचं टोपण काढलं आणि वाट पाहिली.

"वाच ना! काय बघतोयस?"

"वाचतो," तो म्हणाला. कठडा धरून ओणवा झाला, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि मग हसतच वर आला.

"आज तू वाच," तो म्हणाला. "मला काही दिसत नाहीये."