वरच्या मजल्यावरचा ल्युबेन

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्याच घरात घडलंय.

पेर्निक. बल्गेरियातलं, कोळशाच्या खाणींचं आमचं गाव. फेब्रुवारीतला रविवार. रात्र नव्हती... बर्फ पडत होता आणि भर दुपार होती.

सत्त्याऐंशी साली आम्ही चौघांनी हेवी मेटलची एक रेकॉर्ड काढली होती. मी बेस गिटार वाजवायचो. रेकॉर्ड कोणी घेतली नाही, रेडिओवर कधी लागली नाही. चौघांतला आता मी एकटा उरलोय. बायको गेली. मुलगी काप्का स्पेनला.

त्या दुपारी घर खायला उठलं. म्हणून रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं सुरू झालं आणि...

टण्. टण्.

घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या, मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या पाइपवर कोणीतरी ठोकत होतं. गोंगाट झाला की आमच्या इमारतीत शेजारी असंच ठोकतात. मी आवाज कमी केला.

ठोके थांबले नाहीत.

नीट ऐकलं. ठोके तालात पडत होते.

तिसऱ्या गाण्यात ते किंचित मागे पडले. तालमीत तिथे एकच माणूस मागे पडायचा. आमचा ड्रमर, ल्युबेन. माझ्या वरच्याच घरात राहायचा. त्याला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

तोंडून निघूनच गेलं, "गाढवा, परत मागे पडलास!"

ठोके थांबले.

मग ठोके भराभर पडले... हसल्यासारखे.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी बेस काढला आणि रेकॉर्ड संपेपर्यंत त्याच्याबरोबर वाजवत बसलो.

नंतर तळमजल्यावरच्या दोन्का मावशीकडे गेलो. वरची किल्ली तिच्याकडे असते.

"मावशी, वर कोणी राहायला आलंय का?"

"रकिया जास्त प्यायलास का रे, स्पास? तिथे कोण येणार! चोरांनी रेडिएटर, पाइप, सगळं उपटून नेलंय. चल, दाखवते."

खरंच. भिंतीत नुसती भोकं होती.

आम्ही तिथे उभे असतानाच...

टण्. टण्. टण्. टण्.

मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली.

"स्पास... हे तर खालून येतंय. तुझ्या घरातून."

तेव्हापासून रोज अंधारून आलं की चार ठोके पडतात. माझ्या खोलीत, माझ्या पाठीमागे. गाणं सुरू करताना ल्युबेन अशीच खूण द्यायचा.

रेकॉर्ड मी पुन्हा लावलेली नाही. मग ही खूण कुठल्या गाण्याची?

काप्का फोनवर म्हणते, "बाबा, इकडे निघून या ना."

"येतो गं."

पण बॅग काही भरली जात नाही.

चार ठोके... आणि मग तो थांबतो. माझ्यासाठी.

हल्ली माझी बोटं आपोआप तारांकडे जातात.