बाबल मेस्त्रींच्या तीन टिचक्या

दुपारचे तीन वाजले होते. आंबेकोंडातली शहाणी माणसं जेवून आडवी झालेली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गावच्या बंद अवजारघरात मात्र कुणीतरी लाकडावर टिचक्या मारत होतं.

टक्. टक्. टक्.

मग शांतता. जणू टिचक्या मारणारा कान लावून ऐकतोय.

दारात उभ्या असलेल्या केतकीच्या अंगावर काटा आला. फळीला हत्यार लावण्याआधी तीनदा टिचकी मारायची सवय गावात एकाच माणसाला होती. तिच्या आबांना, म्हणजे बाबल मेस्त्रींना. आणि आबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"कोण आहे आत?"

"मीच आहे, बाय. ये. दार लोटून घे, भुसा उडतो."

हा हस्तक. अवजारघर सांभाळणारा यंत्रमानव. डोकं म्हणावं असं त्याला काही नव्हतं. दोन लांब हात आणि छातीवर एक हिरवा दिवा, बस्स. कुणी कोणतं अवजार नेलं आणि कसं परत आणलं, याची तो नोंद ठेवी. गावातल्या माणसांबद्दल ज्योतिषाला जे कळत नसे, ते हस्तकच्या नोंदीत सापडे.

भिंतीवर फुटक्या फळ्या टांगलेल्या होत्या. हा तिथला रिवाजच होता: ज्याच्या हातून फळी फुटेल त्याने ती स्वतःच्या नावानिशी टांगायची. एकूण त्रेचाळीस. त्यांतल्या तीन सरपंचांच्या. दोन गुरुजींच्या, त्यातली एक त्यांनी आधी विद्यार्थ्याच्या नावावर खपवायचा प्रयत्न केला होता. अंधुक उजेडात त्या भेगा उघड्या तोंडांसारख्या दिसत होत्या.

केतकीच्या काखेत आणखी दोन होत्या.

"धनेशाच्या पेटीच्या?" हस्तकने विचारलं.

तिने मान डोलावली. गेल्या पावसात देवराईतला जुना बेहडा पडला आणि त्याच्याबरोबर धनेश पक्ष्यांची ढोलीही गेली. ती जोडी रोज सकाळी येई, झाड होतं तिथल्या मोकळ्या हवेत घिरट्या घाली आणि परत जाई. धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि आतच अंडी घालते. ढोली नाही तर पिल्लं नाहीत. अंडी घालायचे दिवस दोन आठवड्यांवर आले होते. म्हणून केतकी ढोलीऐवजी लाकडी पेटी बनवत होती. सागाच्या फळ्या उरल्या होत्या चार. एका पेटीपुरत्या, त्यात एकही जास्तीची नाही.

"हस्तक, स्क्रू पिळायच्या त्या मोठ्या यंत्रात कुणीतरी आहे," केतकी हळूच म्हणाली. "स्क्रू अडकला आणि पलीकडून कुणीतरी माझं मनगट धरून पिरगाळलं. खरंच सांगते."

"मोठं यंत्र का नेलंस?"

"सगळे तेच नेतात."

"नेतात खरे. दहातले नऊ जण. पंगतीत मोठा लाडू उचलावा तसं. आणि ही भिंत त्यांचीच आहे." हिरवा दिवा किंचित लुकलुकला. "यंत्रात कुणी नाही, बाय. ते तुझंच बळ उलट फिरून आलं होतं. होडीतून काठाला ढकललंस तर काय होतं?"

"होडी मागे जाते."

"तसंच हे. यंत्र स्क्रूला एका बाजूला पिळतं, तेवढ्याच जोराने स्क्रू यंत्राला उलट पिळतो. याला प्रतिक्रिया (क्रियेइतकंच, पण उलट दिशेचं बळ) म्हणतात. स्क्रू फिरत असतो तोवर हे बळ थोडं असतं. तो अडकला की सगळा पीळ तुझ्या मनगटावर येतो."

मग त्याने मांडणीच्या खालच्या कप्प्यातून अवजारांची एक लहान पेटी काढली. आत दोन बुटकी यंत्रं होती, सख्ख्या भावांसारखी. दोघांना एकच बॅटरी चाले आणि बॅटऱ्या दोन होत्या: एक कामावर, दुसरी चार्जिंगला. केतकीने दोन्ही उचलून पाहिली. मोठ्या यंत्राच्या निम्म्याहून हलकी.

"एवढीशी? यांनी सागात स्क्रू जाईल?"

"हा थोरला, ड्रिल. एकसारखा फिरतो, म्हणून भोक गुळगुळीत पडतं. याच्या गळ्यातलं आकड्यांचं कडं म्हणजे क्लच (ठरवलेल्या जोरापुढे पीळ तोडणारा भाग). आणि हा धाकटा, इम्पॅक्ट ड्रायव्हर. याच्या पोटात हातोडा आहे."

"पोटात?"

"खुंटी जमिनीत कशी घालतेस? दाबून?"

"दाबून कशी जाईल! ठोकावी लागते."

"हा फिरण्याच्या दिशेने ठोकतो. स्क्रू जड झाला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, तिच्या रेट्याने वेग घेतो आणि दांड्यावर आडवा आदळतो. सेकंदाला पन्नासेक वेळा. प्रत्येक घाव इतक्या थोड्या वेळाचा की तो जवळजवळ सगळा स्क्रूलाच लागतो, मनगटाला फक्त थरथर जाणवते. ठोकणाऱ्या हातोड्याचा हिसका हाताला किती बसतो? तितकाच."

केतकीने डोळे बारीक केले. "मग थोरल्याचं काय काम? धाकटाच पुरे की."

"गुरुजींनीही हेच विचारलं होतं." हस्तकने त्यांच्या दुसऱ्या फळीकडे बोट दाखवलं. "लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. वाट न करता स्क्रू घुसवला, की तो पाचरीसारखा तंतू फाकवतो. धाकट्याला दम फार, धीर नाही. म्हणून थोरल्याने आधी स्क्रूच्या गाभ्याहून जरासं बारीक भोक पाडायचं, मग धाकट्याने स्क्रू बसवायचा. शिवाय पेटीच्या आतून स्क्रू लावायचेत ना? मोठं यंत्र आत मावतं तरी का?"

मावत नव्हतं. पहिली फळी त्याच खटाटोपात फुटली होती.

हस्तकने चारांतली एक फळी समोर घेतली. त्याचा लांब हात वर गेला, मनगट जरा डावीकडे कललं, आणि—

टक्. टक्. टक्.

केतकी दोन पावलं मागे सरली. ते कलणं आबांचं होतं. पडल्यानंतर वाकडं जुळलेलं आबांचं मनगट, त्या लोखंडी हातावर.

"शेवटच्या वर्षी त्यांनी माझा हात धरून काम केलं," हस्तक म्हणाला. "संवेदकांनी (स्पर्श आणि हालचाल टिपणाऱ्या भागांनी) सगळं नोंदवलं. पण या टिचक्या कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून रोज दुपारी मारून बघतो. कळत नाही."

केतकीचं भय कुठच्या कुठे गेलं. तिला आठवलं: आबांच्या मांडीवर बसून फळीला लावलेला कान.

"ऐकायचं असतं रे! चांगली फळी खणखणते. भेग असली की आवाज बसका येतो." तिने एकेक फळी वाजवली. टक्, टक्, टक्. चौथीच्या एका टोकाला आवाज मेल्यासारखा आला. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

"इथे आत केसाएवढी भेग असणार. इथे स्क्रू मारला असता, तर..." तिने भिंतीकडे पाहिलं. मग ते टोक खाली फिरवलं. पेटीच्या पायाशी चार बोटं जास्तीची होती, तेवढी कापून टाकता येणार होती.

हस्तकने ते टोक स्वतः वाजवून पाहिलं. "नोंद केली," हस्तक म्हणाला. "तीन वर्षांनी."

थोरल्याने वाट केली, धाकट्याने घरघरत स्क्रू बसवले. बावीस स्क्रू, आणि एकही फळी फुटली नाही. चौथ्या दिवशी केतकीच्या शैला आत्याने पेटी देवराईतल्या उंच सातविणीला पट्ट्यांनी बांधली.

नंतर अकरा दिवस रोज सकाळी केतकी झाडाखाली जाऊन बसली. पेटी काळ्या डोळ्यासारखी वरून बघत असायची. रिकामी.

बाराव्या सकाळी नर फांदीवर बसलेला होता, एकटाच. पेटीचं भोक आतून चिखलाने लिंपलेलं, फक्त चोचीपुरती फट उरलेली. आत काहीतरी हललं. मादी चिखल थापत होती आणि तिची चोच फळीवर आपटत होती.

टक्. टक्. टक्.

केतकी कान लावून ऐकत राहिली. आवाज खणखणीत होता.