वाटीतली नागली

ललिताबाई एकदा चक्क संगणकापुढे नवस बोलल्या होत्या, आणि घरात त्यावरून पुष्कळ हसू झालं होतं. पंचवटीतल्या त्यांच्या घरी, मागच्या खोलीत, लेकीनं म्हणजे आशानं संगणकाचा एक काळा डबा मांडला होता. ज्याला रक्त हवं त्यानं इंटरनेटच्या पानावर रक्तगट भरायचा. ते या डब्याकडे येई, आणि डबा रक्तदात्याचं नाव शोधून परत पाठवी.

"आणि नाहीच पाठवलं तर?"

"मग पान वाट बघत बसतं, आई. चक्र फिरत राहतं नुसतं."

शेजारणीची वाटीसुद्धा ललिताबाईंनी कधी रिकामी परत केली नव्हती. त्या डब्यापुढे हात जोडून म्हणाल्या, "दारी आलेल्याला विन्मुख धाडू नकोस, बाबा. दर शुक्रवारी तुझ्यापुढे साखरेची वाटी ठेवीन."

"मुंग्या झाल्या की तुझा हा बाबाच झाडेल हं," आशा म्हणाली.

२००६ चा वैशाख. शुक्रवारच होता. सून उज्वला दवाखान्यात बाळंत झाली आणि रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एक पिशवी नाही. मायलेकी धावत पोचल्या. भारनियमनाची दुपार, अंधारा व्हरांडा, फिनेलचा वास, लांब कुठे जनरेटरची घरघर. रक्तपेढीच्या संगणकावर आशाचं पान सकाळपासून उघडंच होतं. तिनं गट भरला, बटण दाबलं. चक्र फिरू लागलं.

ललिताबाईंनी एकदम लेकीचा दंड धरला.

"आशा... निघताना घरची लाइट गेली होती गं. मागे लाइट परत येताना झटका बसून फ्रिज जळला होता ना, म्हणून मी... डब्याचा प्लग काढला. वायर गुंडाळून कपाटावर ठेवली."

आशानं पुन्हा बटण दाबलं. चक्र फिरत होतं. मग थांबलं.

*नवसाबाई. येतेय.*

"आई," आशा कुजबुजली, "डबा नाव आणि फोन पाठवतो. 'येतेय' असं... मी कुठं लिहिलेलंच नाही."

थोड्याच वेळात दारात एक बाई उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी, पायांना लाल माती. त्या रखरखीत उन्हात तिच्या अंगाला भिजल्या रानाचा वास होता. ती मुकाट्यानं रक्त द्यायच्या खाटेवर आडवी झाली. ललिताबाईंनी तिचा हात धरला, माठासारखा गार.

"कुठून आलात, बाई?"

"तुम्ही मागितलंत ना," ती म्हणाली.

ललिताबाई चहा घेऊन आल्या तेव्हा खाट मोकळी होती. चादरीवर सुरकुतीही नाही. पिशवी मात्र भरलेली, आणि कोमट.

दिवेलागणीला उज्वलानं डोळे उघडून बाळाला जवळ घेतलं.

मग कुठे ललिताबाई घरी आल्या. कुलूप जसंच्या तसं. वायर कपाटावर, गुंडाळलेली. डब्यापुढच्या वाटीत सकाळच्या साखरेचा कण नव्हता. वाटी काठोकाठ नागलीनं, रानातल्या लाल नाचणीनं भरली होती. या घरात नागली कधी आलीच नव्हती. त्यांनी बोट बुडवलं. दाणे ओले होते, वर गार, आणि तळाशी... कोमट.

ती वाटी त्यांनी देवापुढे ठेवली. डबा केव्हाच मोडीत गेला. शुक्रवारची साखर चालू आहे, आणि तळाशी चार दाणे अजून सापडतात.

तुम्हीही, बायांनो, एवढं करा. कोणाची वाटी रिकामी धाडू नका. आणि उन्हाच्या वेळी दारात ओल्या मातीचा वास आला, तर कुठून आलात म्हणून विचारू नका.