हिरव्या धाग्याची बाही

मार्लो पेनहॅलो नावेत उलटी बसली. वल्हवणाऱ्याने जायच्या दिशेला पाठ करून बसायचं, हे त्या नदीकाठच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक. आणि ही पोरगी तर वल्हवण्याच्या जोरावर त्या नामांकित विद्यापीठात शिरली होती.

प्रवेश समितीच्या हेस्टर लिंडक्विस्टला तातडीचा फोन गेला. मार्लोचं नाव सुचवलं होतं संघाच्या प्रशिक्षक विनी सॅलोने. विनी तिची जुनी मैत्रीण, म्हणून हेस्टरने डोळे झाकून हात वर केला होता. त्या एका जागेपायी ओपल रेंटेरिया नावाची खरीखुरी खेळाडू बाहेर राहिली. आठवून हेस्टरचे कान तापले.

"मलाही फसवलं गं!" नावघरात विनी म्हणाली. "जिंकलेल्या शर्टांसमोर उभी राहून काढलेला फोटो पाठवला होता. मी काय ज्योतिषी आहे?"

शर्यत हरलेली मुलगी अंगातला शर्ट उतरवून जिंकणारीला देते, ही तिथली रीत. हेस्टरने मार्लोला ते शर्ट आणायला लावले. ती येईपर्यंत हेस्टरला खिडकीतून धक्क्यावर नवी कोरी नाव दिसली. तिच्यावर रंगवलं होतं, 'पेनहॅलो'.

"हे शर्ट कुठून आणलेस?" मार्लो परतल्यावर हेस्टरने विचारलं.

"बाबांनी दिले."

"बाबा वल्हवायचे?"

"ते दातांचे डॉक्टर आहेत, मॅडम. नाव बघूनच त्यांना मळमळतं."

"मग त्यांना ही रीत कुणी सांगितली?"

मार्लोने मान खाली घातली. "माहीत नाही. मला वाटलं, वल्हवायला इथे आल्यावर शिकेन."

हेस्टरने एकेक शर्ट उलगडला. लहानमोठी मापं, विटलेल्या कॉलरी, घामाचे डाग. एका शर्टाची बाही हिरव्या धाग्याने शिवलेली. तिने त्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग तिने मार्लोला बाहेर पाठवलं.

"विनी, शर्ट खरे आहेत. विकत घेतले असते तर कोरे असते, सगळे एकाच मापाचे. हे मार्लोच्या जन्माआधीचे आहेत."

"जुन्या बाजारातून उचलले असतील."

"हा नाही. पांढरा धागा संपला म्हणून माझ्या आईने बाही हिरव्याने शिवली. शर्यत हरल्यावर मी तो अंगातून काढला आणि एकीलाच दिला. तुला. त्याच दिवशी आपली मैत्री झाली."

विनी बाकावर बसली. "पोरी गळक्या नावेत बसत होत्या गं. मुलीला घेतलंत तर नवी नाव देतो, पेनहॅलो म्हणाला. मी माझी जुनी पेटी उघडली आणि फोटोसाठी शर्ट त्याच्या हवाली केले."

"मी हा ओळखेन, असं वाटलं नाही तुला?"

"फोटो समितीत तुझ्यासमोरच होता, हेस्टर. तू बघितलाच नाहीस."

हेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या समितीपुढे तू उभी राहशील," ती म्हणाली, "आणि तुझ्या शेजारी मी."

मग तिने ओपलला फोन लावला.

"अजून वल्हवतेस का गं?"

"सोडलं, मॅडम. तुमचा नकार आला, तेव्हा कळलं की मी तेवढी चांगली नव्हतेच."

"तू चांगलीच होतीस, बाळ," हेस्टर कशीबशी म्हणाली. "आम्ही नव्हतो."